शालन, कार्ड आणलंय

शालन, तुझ्या पिंडाला कावळा शिवला तो माझ्या शब्दानं, हे आता सगळ्या फुलेवाडीला ठाऊक झालं आहे. बायका मला गिरणीत थांबवून विचारतात, "आक्का, घाटावर कसलं कार्ड म्हणालासा तुमी? रेशनचं व्हय?" मी म्हणते, "व्हय, रेशनचंच." कुणाकुणाला सांगत बसू, की माझी धाकटी जाऊ साठी उलटल्यावर कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला शिकली. त्या कॉम्प्युटरला पडद्यावरचं चित्र काढणारं एक कार्ड लागतं. ते लाल डब्यातलं घ्यायचं की हिरव्या डब्यातलं, यावरून आम्हा दोघींचं भांडण लागलं होतं, आणि ते भांडण अर्धं टाकून ती गेली.

अर्धं टाकून उठायची तुझी खोड जुनीच. भाकरी तव्यात टाकायचीस आणि दारात कोण आलंय बघायला पिठाच्या हातानंच पळायचीस. उलटायची मी. ही भांडणाची भाकरीही मलाच उलटावी लागली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी तुझ्याबद्दल जन्मात कधी चांगलं बोलले नाही. आता बोलायला लागले तर तुला वाटेल, ही आक्का नव्हे, दुसरीच कुणीतरी आहे. म्हणून जे झालं तेच लिहिते.

तू या घरात आलीस तेव्हा गोठा म्हशींनी भरलेला होता. आपल्या दोघींचे मालक सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईक समोर, म्हैस समोर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. मधे पाणी घालायला जागाच नाही. घराची सगळी अब्रू त्या पेल्यात होती. मामंजी म्हैस विकत घेताना तर त्याहून कडक. विकणारा काय वाट्टेल ते सांगू दे, त्याच्या गोठ्यात जाऊन आपल्या हातानं संध्याकाळची आणि सकाळची धार काढल्याशिवाय त्यांनी कधी दावं हातात घेतलं नाही. "म्हैस तोंडानं दूध देत न्हाय," म्हणायचे.

मामंजी गेले, माझे मालक गेले, मग तुझे गेले. शेवटची म्हैस, चंद्री, विकली तेव्हा गोठ्यात काही उरलं नाही. साथीच्या दिवसांत तुझा उदय पुण्याहून बायकोपोरीसकट घरी आला, गोठ्याला फरशी बसवली, टेबल टाकलं आणि कंपनीचं काम तिथून करायला लागला. जिथं चंद्रीचा खुंटा होता तिथंच कॉम्प्युटर उभा राहिला. काम आटोपलं की तो त्यावर ट्रक चालवायचा. तू चहा घेऊन जायचीस आणि कप थंड झाला तरी तिथंच उभी असायचीस.

एक दिवस म्हणालीस, "मला दे की जरा."

तो हसला नाही, हे त्यानं बरं केलं. त्याचा बाप हसला होता. तुझ्या मालकांचा चाऱ्याचा टेम्पो होता आणि तू नवी असताना त्यांना म्हणाली होतीस, मला चालवायला शिकवा. ते हसले, वर कट्ट्यावर चार माणसांत सांगून पुन्हा हसले. तू परत विषय काढला नाहीस. मी समजले, विसरलीस. उदयनं तुझ्या पुढ्यात ते खेळातलं गाडी वळवायचं चाक ठेवलं, तेव्हा तुझे हात बघितले मी. मोकाट सुटलेल्या म्हशीचं दावं धरावं तसं धरलं होतंस. विसरली नव्हतीस.

पुण्याला परत जाताना तो मशिन, चाक, सगळं ठेवून गेला. "आईला राहू दे," म्हणाला. त्या दिवसापासून आपला रोजचा नेम ठरला. दुपारची भांडी झाली की तू चाकावर आणि मी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर लसणाचं ताट घेऊन. ट्रकचं नाव तू चंद्री ठेवलंस. परक्या मुलखातनं लाकूड न्यायचं, सिमेंट न्यायचं, दुधाची पावडर न्यायची. पावडर आली की तू तोंड वाकडं करायचीस, पण पोचवायचीस वेळेवर.

मी क्लीनर. पडद्याची डावी कड माझी.

"आक्का, डावीकडं बघा की. आरशात दिसंना झालंय."

"येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे. थांब. अगं थांब म्हटल्यावर थांबायचं की. ठोकलीस न्हवं?"

"तुमी उशिरा म्हणालासा."

"मी लसूण सोलालतो."

"क्लीनरनं लसूण सोलायचा न्हाय गाडीत."

"मग आमटीत काय तुझं डिझेल घालू?"

असं रोज चालायचं. उदयची बायको एकदा फोनवर म्हणाली, आईंचं आणि आक्कांचं भांडण झालंय का, आवाज केवढा येतोय. तू म्हणालीस, "न्हाय गं, गाडी मागं घ्यालतो."

मग उदयनं त्या खेळाचा नवा भाग घालून दिला. डोंगराचा मुलूख, घाट आणि पाऊस. पहिलंच वळण आलं आणि तू चाक सोडून माझ्याकडं बघितलंस. "आक्का, हा तर आपला जोतिबाचा घाट."

"जोतिबाला एवढी झाडी कुठली?"

"झाडी सोडा. वळण बघा की."

वळण तेच होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आता करते.

पण तो घाट त्या जुन्या कार्डाला चढेना. पाऊस सुरू झाला की चित्र अडखळायचं आणि वळणावर गाडी दरीत. तू पुन्हा चढवायचीस, ती पुन्हा दरीत. एक दिवस पडद्यावर लुगड्याच्या काठासारख्या रेघा आल्या आणि सगळं काळं झालं. उदयला फोन लावला. त्यानं बरंच काय काय विचारलं आणि शेवटी म्हणाला, "आई, मशिनच्या डब्यावर काही झाकलंयस का?"

तू पदरानं पडदा पुसायला लागलीस.

"आई?"

"रुमाल हाय."

"कसला रुमाल?"

"विणलेला. लोकरीचा. धूळ बसतीया म्हणून. चारी बाजूनं नीट बसवलाय."

तिकडून त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इकडं ऐकू आला. आतली गरम हवा बाहेर पडायला जागाच नव्हती, कार्ड भाजून मेलं. तुला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "टीव्हीवर व्हता रुमाल, मिक्सरवर हाय, मालकांच्या फोटोवर हाय. ते कुठं मेलं?" मी म्हणाले, फोटोवर असतो तो मेल्यावरच. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

आता दुकानाचं लिहिते, कारण खरं भांडण तिथलं.

शाहूपुरीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात आपण रिक्षातनं गेलो. मशिनचा डबा माझ्या मांडीवर, चाक तुझ्या पिशवीत. दुकानाचा मालक मगदूम, चाळिशीतला माणूस, बोलायला गोड. आधीच एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्यानं आपल्याकडं बघून विचारलं, "काय मावशी, नातवाला गेम पाहिजे व्हय?"

तू म्हणालीस, "का पावणं, माझं हात तुटल्यात?"

त्या गिऱ्हाइकानं खुर्ची सरकवून आपल्याला जागा दिली.

मगदूमनं दोन डबे टेबलावर ठेवले. एक लाल, एक हिरवा. किंमत जवळजवळ सारखी. तो सांगायला लागला. लाल कार्डाची आठवण मोठी, म्हणजे एका वेळी जास्त चित्रं धरून ठेवतं, पण वीज जरा जास्त खातं. हिरव्याची आठवण लहान, पण उजेडाचं काम बारीक करतं, ओल्या रस्त्यावर दिव्यांची पडछाया अगदी खऱ्यासारखी. शिवाय दोन चित्रांच्या मधे ते आपल्या मनानं एक चित्र भरतं, म्हणून सगळं गुळगुळीत दिसतं. तशी सोय आता लालमध्येही आली आहे, पण हिरव्याची जास्त नामी.

"आपल्या मनानं म्हणजे?" तू विचारलंस.

"म्हणजे गेमनं ते चित्र काढलेलं नसतं काकू. मागचं आणि पुढचं बघून कार्ड मधलं अंदाजानं काढतं."

तू माझ्याकडं वळलीस. "आक्का, दुधात पाणी."

मी म्हणाले, "चहाला घालावंच लागतं की."

"कट्ट्यावर चहा विकत न्हवतो आपण."

मग तू मामंजींचा नेम काढलास. आपल्या मशिनात, आपल्या खेळात, आपल्या घाटावर दोन्ही चालवून दाखवा, मग बोला. मगदूम म्हणाला, नवा डबा असा फोडता येत नाही. तू म्हणालीस, "फोडू नका. तुमच्या त्या मांडलेल्या मशिनातलं काढून लावा की. म्हैस बघायला आलोय, म्हशीचा फोटो न्हाय." तो हसला आणि खरंच उठला. चांगला माणूस आहे.

आधी हिरवं लावलं. शालन, काय चित्र होतं ते. रस्त्यावर पाणी साचलेलं आणि त्यात ट्रकचे दिवे लांबपर्यंत पसरलेले. पाऊस काचेवरनं ओघळताना दिसत होता. मी लसूण बिसून काही नेलं नव्हतं, दोन्ही डोळ्यांनी बघत होते. तू दोन वळणं घेतलीस आणि म्हणालीस, "हिच्यात हात मागं राहतोय."

"कुठं मागं राहतोय? मला तर लोणी दिसतंय."

"दिसतंय लोणीच. हात मागं राहतोय."

मग लाल लावलं. पाण्यातले दिवे जरा मळके झाले. चित्र चांगलं होतं, पण मघाच्यासारखं नव्हतं. तू घाट सरळ वरपर्यंत नेलास, एकदाही दरीत न पडता, आणि म्हणालीस, "ही आपली."

मी म्हणाले, "वीज जास्त खाणार."

"दूध देणारी खाणारच की."

"एवढ्या पैशात मला मळका पाऊस बघायचा न्हाय."

"तुमाला बघायचाय. मला चालवायचीया."

मगदूम मधे पडला. हिरव्यातलं ते मधलं चित्र भरणं बंदही ठेवता येतं म्हणाला, पण मग एवढ्याच पैशात या घाटावर लाल पुढं जातं. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मी हिरव्यावर अडले ती अडलेच. आणि तू. पैसे तुझे, मशिन तुझं, चाक तुझं. घ्यायचंस आणि निघायचंस. पण तू लाल डबा बाजूला सारलास आणि म्हणालीस, "दोघींचं एक झाल्याबिगर मी घेणार न्हाय. गाडीत दोघी बसतोय."

मी म्हणाले, "मग बस तशीच."

मशिनचा डबा पुन्हा माझ्या मांडीवर. रिक्षात आपण एकमेकींच्या उलट्या बाजूला बघत आलो.

पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. सकाळी तू नळाला पाइप लावलास, अंगण अर्धं धुतलंस आणि पायरीवर बसलीस. "आक्का, छातीत कसंतरी व्हालंय," म्हणालीस. रिक्षा येईपर्यंत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. परत आले तर पाइप तसाच वाहत होता. उरलेलं अंगण मी धुतलं. लोक जमायचे होते.

मी रडले नाही म्हणून तुझी बहीण कमळ नावं ठेवून गेली. ठेवू दे.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, खाली एक येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. उदय पुढं झाला. "आई, घर विकत नाही. दर महिन्याला येतो." कावळा नाही. कमळ म्हणाली, "शालन, नातीचं लगीन थाटात करतो आमी." कावळा नाही. तुझा भाऊ म्हणाला, जोतिबाला तुझ्या नावानं गुलाल उधळतो. कावळ्यानं चोच झाडाला घासली आणि तिकडं तोंड केलं. ऊन चढलं. फरशीवर पाय भाजायला लागले, लहान पोरं भुकेली. मी उठले आणि पुढं जाऊन म्हणाले, "शालन, कार्ड घेते. मशिन चालू ठेवते. ये आता, माणसं तापल्यात."

कावळा आला. नुसता शिवला नाही, भाताचा घास घेऊन गेला.

मला विचारशील तर त्याला भूक लागली असेल. उन्हाला तोही कंटाळला असेल. मेलेलं माणूस कावळ्यात येतं यावर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आलंच तर तू एवढ्या निवांत झाडावर बसणाऱ्यातली नव्हेस, चार वेळा उठून दारात कोण आलंय बघून आली असतीस. पण शब्द माझ्या तोंडून चार माणसांत गेला. तो कावळ्यानं खाल्ला म्हणून संपत नाही.

आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. मी कार्ड घेते म्हणाले, रंग बोलले नाही. रंगावरचं भांडण माझं अजून चालू होतं. तू मेलीस म्हणून तुझं खरं होत नाही.

तेरावं झालं. माणसं पांगली. उदय गोठ्यात गेला आणि वायरी गुंडाळायला लागला.

"काय करालाईस?"

"थोरली आई, मशिन पुण्याला नेतो. खोली कुणा शिकणाऱ्या पोरांना भाड्यानं देऊया. तुला सोबत होईल."

"मला सोबत नको. मशिन हितंच राहील. मी कार्ड घेणार हाय."

त्यानं वायर खाली ठेवली. पोरगं थकलं होतं, डोळे सुजलेले. "थोरली आई, कावळा यावा म्हणून तू बोललीस. आला. झालं ते. आता कशाला?"

"मग काय कावळ्याला फसवायचं व्हय?"

"तू चाकाला एकदा तरी हात लावलायस का?"

हे त्यानं बरोबर विचारलं. लावला नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसले, डावी कड राखली, पण चाकावर हात नाही. तू दोनदा म्हणाली होतीस, "धरा की आक्का जरा." मी म्हणाले, क्लीनर बरी आहे मी.

"लावीन," मी म्हणाले. "शिकायला काय, तुझी आई शिकलीच की."

"आणि नाही जमलं तर? ते नुसतं पडून राहणार असेल तर मी नेतो. एवढं मशिन धूळ खात ठेवायचं नाही."

"जमलं न्हाय तर ने."

असं ठरलं. सकाळी मी रिक्षा बोलावली. डबा मांडीवर, चाक पिशवीत. तुझी जागा रिकामी होती म्हणून पिशवी तिथं ठेवली. रिक्षावाल्यानं विचारलं, आज्जी, टीव्ही बिघडला काय? मी म्हणाले, व्हय.

मगदूमनं मला बघितलं आणि माझ्या मागं बघितलं. "दुसऱ्या काकू?"

"गेली."

त्यानं खुर्ची पुढं केली. मग पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "तुमचं तर हिरवं ठरलंवतं न्हवं? तेच काढू?"

"दोन्ही काढ. दोन्ही लाव. मी चालवणार हाय."

हिरवं लावलं. तोच घाट, तोच पाऊस, तेच लांब पसरलेले दिवे. मी चाक धरलं. रस्ता मला पाठ होता, कुठं डावं, कुठं उजवं, कुठं ट्रक मागनं येतो. पहिलं वळण आलं. मी हात वळवला. ट्रकनं ऐकलं, जरासा विचार केला आणि मग वळला. तोवर कठडा आला होता. दरीत. पुन्हा चढवली, पुन्हा तसंच. चित्र लोण्यासारखं, आणि हात त्या लोण्यात बुडालेला.

"ते मधलं भरायचं बंद कर," मी मगदूमला म्हणाले. त्यानं केलं. आता हात पोचायला लागला, पण पाऊस वाढला तशी गाडीला धाप लागली, वळणावर चित्र अडखळलं.

"आता लाल."

लाल लावलं. पाण्यातले दिवे मळके झाले, ते मला दिसलं. पण वळण आलं, मी हात वळवला आणि चंद्री वळली. त्याच क्षणी. मी वळवली म्हणून वळली. पुढचं वळण, तसंच. ती मधली चकवणारी चढण आली, जिथं तू दात-ओठ खायचीस, तिथंही गाडी माझ्या हाताखालून सुटली नाही.

मी चाक सोडून बसून राहिले. मगदूमला वाटलं मला काही त्रास होतोय. त्रास काही नव्हता. हात मागं राहतोय म्हणजे काय ते मला कळलं होतं. डोळ्याला ते दिसतच नाही. ते फक्त चाक धरणाऱ्याला लागतं. मी क्लीनरच्या जागेवरनं बघत होते आणि तू ड्रायव्हरच्या जागेवरनं बोलत होतीस. एका गाडीत बसून आपण दोन वेगळ्या गाड्यांवरनं भांडलो.

"लाल दे," मी म्हणाले.

मगदूमनं मान हलवली. "बरं केलंसा काकू. त्या काकूंची आठवण राहील."

"आठवणीला तिची चप्पल हाय घरात," मी म्हणाले. "लाल घेते ती वळणासाठी."

हे तुला नीट सांगायचं होतं, शालन, म्हणून एवढं लिहिलं. कमळ आता सगळ्यांना सांगत फिरते, आक्कानं जावेची शेवटची इच्छा पुरी केली. मी काही पुरी बिरी केलेली नाही. तू मेलीस म्हणून मी तुझं खरं केलं नाही. तुझं खरं होतं, म्हणून केलं. तू जिवंत असतीस आणि मी त्या दिवशी नुसतं चाक धरून बघितलं असतं, तरी मी लालच म्हणाले असते. फक्त तुला तोंडावर सांगितलं नसतं. मगदूमला हळूच म्हणाले असते, हिरवं संपलंय म्हणून सांग तिला.

संध्याकाळी उदयनं मशिन खुंट्याच्या जागी परत मांडलं. मी चाकावर बसले. तो दाराला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून, अगदी बापासारखा, आणि मी मनात म्हटलं, आता हा हसला तर त्याला ताट फेकून मारते. हसला नाही. मी घाट वरपर्यंत नेला. दोनदा कठडा घासला, एकदा एका गाडीला मागून टेकले, पण दरीत नाही. वर पोचल्यावर माल उतरवायचा असतो, गाडी मागं घेऊन. तिथं मात्र अडले. डावीकडचं दिसेना. मी सवयीनं शेजारच्या खुर्चीकडं बघितलं.

उदय म्हणाला, "थोरली आई, मी बघू का?"

"तू नको. तुला रात्रीची गाडी हाय."

तो जाताना मशिनबद्दल काही बोलला नाही. गोठ्याची किल्ली खिळ्याला अडकवून गेला. दाराशी पाया पडला तेव्हा एवढंच म्हणाला, "डब्यावर काही झाकू नकोस."

झाकत नाही. तुझा तो रुमाल मी चाकाखाली घातलाय. टेबलावर चाक सरकत होतं, आता सरकत नाही. लोकर घट्ट विणली होतीस, त्याचा हा एक उपयोग झाला.

तुझ्याशेजारी बसून मी बरंच जग बघितलं, शालन. बर्फ बघितला, बंदरं बघितली, कोल्हापुरातल्या चौथी शिकलेल्या बाईला कोण दाखवणार होतं ते सगळं. हे तुला कधी म्हणाले नाही. म्हणाले असते तर तू डोक्यावर बसली असतीस. आता म्हणते, बस.

उद्या दुपारी भांडी झाली की निघते. दुधाची पावडर न्यायची आहे, घाटावरनं, पावसात. गाडी मी चालवणार. पलीकडची खुर्ची तशीच ठेवली आहे, डावी बाजू तू बघायची. लसूण मी सकाळीच सोलून ठेवते, म्हणजे तुला सबब नको. आणि "थांब" वेळेवर म्हण.